थंड समुद्रातली बोट आणि आमची कोठडी

मी आज जो काही आहे तो बडीअम्मांमुळे. बडीअम्मा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. माझी आई माझ्या जन्मानंतर वर्षभरात गेली आणि वडीलही त्यानंतर फार जगले नाहीत. तेव्हापासून तेर गावातल्या त्या लहानशा मातीच्या घरात आम्ही चौघं होतो: बडेअब्बा, बडीअम्मा, त्यांचा मुलगा, ज्याला मी भाईजान म्हणत असे, आणि मी.

आमचा धंदा झारेकऱ्याचा. हा शब्द आता फारसा कानावर येत नाही, म्हणून सांगतो. सोनाराच्या दुकानात कानशीने घासताना, तार कापताना सोन्याचे बारीक कण खाली पडतात. ते केरात जातात, शेगडीच्या राखेत जातात, कारागिराच्या पायाला लागून दारासमोरच्या गटारातही जातात. तो केर, ती राख आणि तो गाळ गोळा करून धुवायचा आणि त्यातलं सोनं काढायचं, हे झारेकऱ्याचं काम. बडेअब्बा आणि भाईजान धाराशिव, येडशी, बेंबळी असे फिरत. दुकानं उघडायच्या आत सोनाराच्या दारातलं गटार खरवडायचं, पोती भरायची आणि घरी आणायची. मग तेरणा नदीच्या काठी बसून लाकडी काथवटीत तो गाळ धुवायचा. माती हलकी, ती पाण्याबरोबर निघून जाते. खाली काळी, जड रेती उरते. त्या रेतीत पारा घालून तळहाताने मळायचं. पारा सोन्याला धरतो, रेतीला धरत नाही. तो फडक्यातून पिळला की फडक्यात बोराएवढा पांढरा गोळा राहतो. हा गोळा विस्तवावर ठेवला म्हणजे पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं.

हे शेवटचं काम, पारा उडवण्याचं, आमच्या घरात बडीअम्मा करत.

त्यासाठी घरामागे एक कोठडी होती. तिला खिडकी नव्हती. बडीअम्मा शेगडी घेऊन आत गेल्या की दार लावायचं, दारावर आतून वाकळ टांगायची, छतातलं उजेडाचं भोक चिंध्यांनी बुजवायचं. पारा उडताना वाऱ्याची झुळूक लागली तर तो आपल्याबरोबर सोनंही घेऊन जातो, असं आमच्याकडे सगळे मानत. शिवाय सोनं उघडं पडतं त्या घडीला परक्याची नजर नको. बडीअम्मा लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने त्यांना पहिल्याच महिन्यात तिथं बसवलं होतं. गोळा पांढऱ्याचा करडा कधी होतो, करड्याचा पिवळा कधी होतो, विस्तव कधी मागे ओढायचा, हे ओळखणारी नजर घरात फक्त त्यांची. बडेअब्बा ते मोकळेपणाने सांगत.

"मी नुसता चिखल धुणारा रे. सोनं काढती ती तुझी बडीअम्मा."

"व्हय," बडीअम्मा म्हणत, "आन् बाजारात मिशीला ताव देतंय कोण?"

घरात आमची बोली दखनी. इथं मी ती बहुतेक मराठीत लिहितो आहे. बाहेर आम्ही अशीच मराठी बोलत असू.

मी पहिलीत बसलो तेव्हा शाळा उर्दूची होती. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. लवकरच आमच्या शाळेत मराठी आली आणि मी मागे पडलो. एका वर्गात दोनदा बसलो. तेव्हा बडेअब्बा म्हणाले, बास झालं, पोत्याचं एक तोंड धरण्याएवढा झाला आहे. त्यात रागाचं काही नव्हतं. भाईजानने चौथीत शाळा सोडली होती आणि तो गाळ उपसत होता. पण बडीअम्मा उठून उभ्या राहिल्या.

"एक पोरगा गाळाला दिलाय. दुसरा न्हाय द्यायची."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन शाळेत गेल्या आणि व्हरांड्यात बसल्या. गुरुजी बाहेर आले, काय पाहिजे म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "याला मराठी येत न्हाय. शाळा सुटल्यावर शिकवा." गुरुजी म्हणाले, "बाई, बघू, तुम्ही घरी जा." "जाते की. तुमी शिकवायला लागला की जाते." त्या तीन दिवस येऊन बसल्या. चौथ्या दिवशी गुरुजींनी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतलं. बडीअम्मा तरीही उठल्या नाहीत. "मलाबी ऐकू द्या थोडं," म्हणाल्या. मला मराठी लिहिता-वाचता आली ती अशी. त्यांना स्वतःला मात्र शेवटपर्यंत आली नाही.

मॅट्रिक झालो आणि सोलापूरच्या कॉलेजात विज्ञान शाखेला नाव घातलं. छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने सोलापूर. आमच्या घरातून शिकायला म्हणून गाडीत बसलेला मी पहिलाच. स्टेशनवर बडीअम्मांनी भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. त्यांच्या बांगड्या तेव्हा किणकिणत होत्या. मला वाटलं, मी जातो म्हणून त्यांचा हात थरथरतो आहे.

पुढच्या सुटीत आलो तेव्हाही तो थरथरत होता. चहाची बशी ओठाला लावायच्या आधी निम्मी सांडे. हिरड्यांतून रक्त येई, दोन दात पडले होते. पूर्वी वाकळा शिवायला शेजारणी त्यांना बोलावत; आता सुईत दोरा ओवायला त्या भाईजानला हाक मारत, आणि त्याला वेळ लागला तर एवढ्या तेवढ्यावरून रडत. ते बघून मी घाबरलो. रडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. बडेअब्बांचं म्हणणं, नजर लागली आहे. दर्ग्यावर नेऊन आणलं होतं, गळ्यात ताईत होता. पण कोठडीत त्या अजून जात होत्या. गोळा चिमट्यात धरवत नव्हता, म्हणून विस्तवाजवळ आणखी सरकून बसत.

कारण मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं. एका मुलाच्या हातून काचेचं उपकरण फुटलं आणि पाऱ्याचे थेंब फरशीभर पळाले. आम्ही ते बोटाने गोळा करायला खाली बसलो. रसायनशास्त्राचे सर धावत आले आणि ओरडले, "आधी खिडक्या उघडा! सगळ्या!" खिडक्या उघडल्या, फरशीवर गंधकाची पूड टाकली, मग त्यांनी आम्हाला सांगितलं. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. श्वासातून ती आत जाते आणि मज्जातंतू धरते. हात कापायला लागतात, माणूस चिडचिडा होतो.

मी विचारलं, "सर, आणि हिरड्या?"

"हिरड्याही. दात हलतात. का रे?"

"सहज विचारलं," मी म्हणालो. झारेकऱ्याचा मुलगा आहे हे मी कॉलेजात कोणाला सांगितलं नव्हतं. पण आठवडाभराने त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. "त्यांना ते काम सोडायला सांग," म्हणाले. मी म्हटलं, सर, घर त्याच्यावर चालतं. तेव्हा त्यांनी कपाटातून एक परदेशी मासिक काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे वाच. तुझ्याच लोकांचं काम आहे, फक्त मोठं."

मासिकात एका बोटीची हकीगत होती. उत्तरेकडे कुठल्या तरी थंड समुद्रात, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ती उभी होती. समुद्राच्या तळाची वाळू उपसून त्यातून सोनं काढायला ती बांधलेली. मासिक बाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून शब्दकोश घेऊन मी चार संध्याकाळी तिथंच बसलो आणि ती हकीगत वहीत मराठीत उतरवली. एक वाक्य सोडलं नाही. छापलेल्या शब्दावर माझा तेव्हा फार विश्वास होता. ज्या अक्षरांसाठी बडीअम्मा तीन दिवस व्हरांड्यात बसल्या होत्या, त्यांत काही उणं असेल असं मला कसं वाटावं?

दिवाळीच्या सुटीत दुपारी अंगणात बसून मी ती वही वाचून दाखवली.

"बोट केवढी म्हणलास?" बडेअब्बांनी विचारलं.

"आपलं स्टेशन आहे ना, तेवढी. वर दोन मजले."

"आन् समुद्रात सोनाराचं दुकान कुठून आलं?" भाईजान म्हणाला. "मासे डागिने घालतात व्हय?"

"गप रे. वाचू दे त्याला," बडेअब्बा त्याला म्हणाले.

मी सांगितलं की डोंगरातलं सोनं नद्यांनी हजारो वर्षं वाहून समुद्रात नेलं आणि ते जड म्हणून वाळूच्या खाली तळाला बसलं. बडेअब्बांनी मान हलवली. एवढं त्यांना सांगावं लागणार नव्हतं. मग लोखंडी डोलांची माळ सांगितली. आपल्या रहाटासारखी, पण एकेक डोल बैलगाडीएवढा. ती तळाशी जाते, वाळू भरून वर येते, डोल वर उलटे होतात. वाळू भोकं पाडलेल्या फिरत्या पिंपात पडते, वरून पाण्याचा मारा होतो, गोटे एका बाजूने समुद्रात परत जातात आणि बारीक रेती खाली लांब पन्हळींत उतरते. पन्हळीत आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. जड ते पट्टीला अडतं.

"म्हंजी काथवटच की," बडेअब्बा म्हणाले. "फकस्त हलवायला इंजन ठेवलंय. बरं, पट्टीला अडलं. पुढं?"

"पुढं पारा."

ते बाजेवर टेकून बसले होते, ते सरळ झाले. "पारा? तिथंबी पाराच?"

"पाराच. पन्हळीतच घालून ठेवतात."

"ऐकलं का गं?" त्यांनी आत हाक मारली. "गोरे साहेब लोकबी झारेकरीच निघाले. नुसते कोट घालतात."

बडीअम्मा दाराशी येऊन बसल्या. मी पुढं वाचलं. वर्षातले बरेच महिने तो समुद्र गोठतो, बर्फ धरतो, आणि बोट नुसती उभी राहते. बडेअब्बा तेरणेच्या बाजूला बघून म्हणाले, "आपली आटती, त्यांची गोठती. कुठंबी गेलं तरी पाण्यापायीच बसून राहायचं." त्यांनी एक प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर मासिकातही नव्हतं: पिंपातून जे गोटे परत समुद्रात टाकतात ते कोणी दुसऱ्यांदा बघतं का? "बघायला पायजे. आपण सोनाराच्या टाकलेल्यावर जगतो. त्यांच्या टाकलेल्यावर जगणारं कोण तरी असंलच."

मग बडीअम्मा म्हणाल्या, "आन् पारा उडवतं कोण? बायका हायत का बोटीवर?"

"नाहीत. पारा उघड्यावर उडवत नाहीत ते." मी तो भाग वाचला. पाऱ्याचा गोळा लोखंडी भांड्यात घालतात. वर झाकण, झाकणाची फट मातीने लिंपलेली. झाकणातून एक वाकडी नळी निघते, ती थंड पाण्यातून जाते. खाली जाळ केला की पाऱ्याची वाफ नळीत शिरते, थंड होते, आणि नळीच्या तोंडातून पारा थेंब थेंब परत मिळतो. भांड्यात सोनं राहतं.

"झाकून टाकलं तर रंग कसा कळायचा?"

"रंग बघायलाच नको, बडीअम्मा. थेंब पडायचे थांबले की झालं."

त्या वहीकडे बघून म्हणाल्या, "मंग माझं काय काम?"

मी म्हणालो, "तुम्ही बसून राहायचं. लई झालं." हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं. हात का कापतात तेही मी त्याच दुपारी सांगितलं. बडेअब्बांना ते पटलं नाही. आपली आईही जन्मभर कोठडीत बसली, तिचे हात कापत नव्हते, म्हणाले. पण पारा परत मिळतो, हे त्यांना पटलं. सोन्यावर सरकारचे निर्बंध आल्यापासून सोनारांची कामं थंडावली होती, केरात पूर्वीसारखं काही सापडत नव्हतं, आणि दुप्पट गाळ मळायचा तर पाराही दुप्पट लागे.

बेंबळीला एक लोहार बडेअब्बांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे मी चित्र काढून नेलं. जाड लोखंडी खल, त्याच्यावर घट्ट बसणारं झाकण, झाकणाला मोडक्या सायकलच्या दांड्याची नळी. लोहारांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि भाता ओढणाऱ्या बायकोकडे बघून हसले.

"दारू गाळायची असंल तर सरळ सांगा की मास्तर. मी काय फौजदार हाय?"

"दारू नाही हो, पारा."

"पारा! बरं, पारा म्हणू. गावात कोणी इचारलं तर मी पारा म्हणीन. पहिल्या धारेचा शेरभर इकडं पाठवा म्हंजी झालं."

बडेअब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कितीतरी दिवस भाईजान त्या भांड्याला 'दारूभट्टी' म्हणत असे.

सुटी संपायच्या आत भांडं तयार झालं. पहिल्यांदा आम्ही सगळेच कोठडीत होतो. माणसं जास्त म्हणून दार नुसतं लोटलं होतं, कडी घातली नव्हती, वाकळ टांगली नव्हती, आणि थंडीचे दिवस असल्यामुळे नळी थंड करणाऱ्या परातीतलं पाणी गार होतं. नळीच्या तोंडाला पाऱ्याचा पहिला थेंब आला तेव्हा बडेअब्बांनी माझ्या पाठीवर थाप मारली. झाकण काढलं, आत सोनं होतं. त्या दिवशी ठरलं की यापुढं पारा बडेअब्बाच उडवतील. रंग ओळखणाऱ्या नजरेची आता गरज नाही, थेंब कोणीही मोजू शकतो. बडीअम्मांची त्या कोठडीतून सुटका झाली. मी सोलापूरला परत जाण्याआधी एका मोठ्या कागदावर सगळी कृती लिहून कोठडीच्या भिंतीला चिकटवली, भाईजानला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत. फट मातीने नीट लिंपावी. जाळ हळू वाढवावा. नळीचं तोंड पाण्यात बुडवू नये, वरच ठेवावं. थेंब थांबल्यावरही भांडं गार होईपर्यंत झाकण काढू नये. वहीतलं सगळं त्यात आलं होतं.

दार उघडं ठेवावं, हे त्यात नव्हतं. मासिकातही नव्हतं. त्या लोकांचं भांडं बोटीच्या उघड्या पाठीवर होतं. चारी बाजूंनी थंड समुद्राचा वारा. तिथं दार नव्हतंच, तर ते उघडायला सांगणार कोण?

वैशाखात, माझ्या शेवटच्या परीक्षेचे दोन पेपर राहिले असताना बडेअब्बा आजारी असल्याची तार आली. पेपर टाकून येऊ नको, असं तारेत मुद्दाम लिहिलं होतं. ते बडीअम्मांनी लिहायला लावलं होतं. मी दोन्ही पेपर दिले आणि निघालो.

बडेअब्बा बाजेवर बसूनच होते, कारण आडवं झालं की श्वास घेता येत नव्हता. ओठ निळसर झाले होते. धाराशिवच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला होता. थोडं थोडं थांबत त्यांनी मला काय झालं ते सांगितलं. चार गावांचा गाळ साठला होता, म्हणून एरवीच्या तिप्पट गोळा एकदम भांड्यात घातला. उन्हाच्या कहरात परातीतलं पाणी लगेच तापलं. मग झाकणाची माती तडकली. त्यांनी जागेवरून न हलता वरून आणखी माती लावली, ती पुन्हा तडकली, पुन्हा लावली.

"दार?" मी विचारलं.

"दार बंदच होतं की. वाकळबी होती. सोनं गेलं न्हाय जराबी." त्यांनी माझा हात धरला. "भांडं लई चांगलं हाय, बेटा. फकस्त मातीचं बघ तेवढं."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला बडीअम्मा एकच सांगत. हात ओढणीखाली झाकून घेत आणि म्हणत, "मी बसले असते तर माती तडकल्याली मला कळली असती. माझे हात गेले म्हणून त्यांना बसावं लागलं. माझ्या हातांनी घात केला." बायका म्हणत, असं म्हणू नये, अल्लाची मर्जी. त्या ऐकून घेत आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच सांगत. मी हे उंबऱ्यात बसून ऐकत होतो. चाळिसाव्या दिवसापर्यंत ऐकलं. त्या काळात एकदा कोठडीत जाऊन आलो. भिंतीवर माझा कागद तसाच होता. एका कोपऱ्याला धुराने काळा पडला होता, पण अक्षरं वाचता येत होती. तो फाडायचीही हिंमत मला झाली नाही; फाडला असता तर भाईजानने का म्हणून विचारलं असतं.

निकाल बघायला म्हणून मी सोलापूरला आलो. पास झालो होतो. तसं कार्ड घरी टाकलं. उत्तरादाखल गुरुजींच्या हस्ताक्षरात बडीअम्मांचं कार्ड आलं. त्यांनी गल्लीत गूळ वाटला होता. आपल्या घरात ग्रॅज्युएट झाला हे बघायला तुझे बडेअब्बा पाहिजे होते, असं होतं. आणि खाली: 'आता भांड्यावर भाईजान बसतो. तू लिहिलेला कागद वाचून सगळं तसंच करतो. काळजी करू नको.'

ते कार्ड वाचलं त्याच दिवशी मी हे पत्र लिहून टपालात टाकलं. त्याची नक्कल माझ्याकडे होती, ती जशीच्या तशी देतो.

सोलापूर

बडीअम्मा यांना सलाम.

गुरुजी, हे पत्र तुम्हीच वाचाल म्हणून आधी तुम्हाला विनंती. भाईजानला समोर बसवून वाचावं. मध्येच वाईट वाटलं तरी थांबू नये, काही गाळू नये.

भाईजान, हे पत्र ऐकून झालं की कोठडीचं दार बिजागरीवरून काढून बाहेर ठेव. वाकळ काढ, छतातल्या चिंध्या काढ. भिंतीवरचा माझा कागद जाळून टाक. मी येईपर्यंत भांडं चुलीवर चढवू नको, एकदाही नको, गोळे कितीही साठले तरी. वाऱ्याने सोनं जात नाही. हे मला नक्की माहीत आहे.

बडीअम्मा, बडेअब्बांना न्यूमोनिया झाला नव्हता. तडकलेल्या मातीतून पाऱ्याची वाफ बाहेर आली आणि दार बंद असल्यामुळे ती त्यांच्या छातीत गेली. सरांना विचारून मी खात्री केली आहे. तुम्ही तिथं बसला असता तर माती तडकलेली तुम्हाला कळली असती हे खरं, पण तुम्हीही दार उघडलं नसतं, आणि मग तुम्ही गेला असता. तुमच्या हातांनी काही केलेलं नाही. तुमचे हात त्याच कोठडीने नेले. सर म्हणतात, पारा कायमचा थांबला तर ते थोडे सुधारतील.

आता माझं. बोटीच्या हकीगतीत दाराचं काही नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. कॉलेजात पारा सांडला तेव्हा सरांनी सगळ्यात आधी खिडक्या उघडायला लावल्या होत्या. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. कागद लिहिताना ते माझ्या मनात आलं होतं. पण दाराची गोष्ट काढली असती तर बडेअब्बा म्हणाले असते, माझ्या बापजाद्यांना कळत नव्हतं का. त्यांनी भांडं आनंदाने घेतलं होतं, माझ्या पाठीवर थाप मारली होती, आणि मला ते मोडायचं नव्हतं. वाटलं, भांडं बंद आहे, तेवढं पुरे. म्हणून मी गप्प बसलो. शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात धरून भांडं चांगलं आहे म्हटलं, तेव्हाही गप्प बसलो. आणि तुम्ही बायकांसमोर स्वतःला दोष देत होता, तेव्हा चाळीस दिवस उंबऱ्यात बसून तेच केलं.

तुम्ही मला शाळेत घातलं ते खरं सांगता यावं म्हणून, असं मी समजतो. ते मी वेळेवर सांगितलं नाही.

कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तुम्ही ठरवा. बडेअब्बांच्या भावकीत सांगितलं तरी माझी हरकत नाही.

मला येथील शाळेत मास्तरची जागा मिळते आहे. ती मी घेईन, आणि भाईजानला झारेकऱ्याचा धंदा सोडायचा असेल तर त्याला इथं काम बघेन. पण हे नंतरचं.

येत्या शनिवारी दुपारच्या छोट्या गाडीने मी तेरला उतरतो. मी घरात यावं असं तुम्हाला वाटत नसेल तर भाईजानला स्टेशनवर पाठवा. त्याने काही बोलायची गरज नाही, नुसता दिसला तरी मी समजेन आणि परतीच्या गाडीने सोलापूरला जाईन. तो आला नाही तर मी घरी येतो.

तुमचा मुलगा